बाटलीशेजारचा फोटो

माझा फोटो आयुष्यात एकदाच मोठा छापला गेला, आणि तोही एका बाटलीशेजारी. आमच्या गावच्या फाट्यावर पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्याच्या शटरच्या वर, सगळ्या रस्त्याला दिसेल असा, दहा फुटी फ्लेक्स. डावीकडं मी, उजवीकडं माझ्याएवढीच उंच बाटली. वर लाल अक्षरांत ‘हार्दिक अभिनंदन’, खाली ‘नॅनो तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी निवड’, आणि बाटलीच्या पायाशी, ‘एका पोत्याचं काम, एका झाकणात’. शुभेच्छुक म्हणून कंपनीचं नाव. ते मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर त्यांची तेवढीच फुकट जाहिरात व्हायची.

खरं तर माझी निवड वगैरे काही झालेली नव्हती. बारावीनंतर पाच वर्षांचा नॅनोचा कोर्स एका विद्यापीठात आहे, त्याच्या प्रवेश परीक्षेच्या यादीत माझा नंबर लागला होता. जागा घ्यायची की सोडायची हे जुलै संपायच्या आत ऑनलाइन कळवायचं होतं, आणि मी काहीही कळवलेलं नव्हतं. पण आमच्याकडं तुरी बाजारात असतानाच फ्लेक्स लागतो. पोरगं पोलीस भरतीत नुसतं धावून आलं तरी त्याचा फेटा बांधलेला फोटो चौकात झळकतो, आणि नंतर ते नापास झालं तर फ्लेक्स उतरवून गोठ्यावर टाकतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

नॅनो शिकावं हे माझ्या डोक्यात फ्लेक्सच्या फार आधी आलं होतं. नेवाशाच्या ज्युनियर कॉलेजात अकरावीला असताना आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी एकदा वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि टेबलावर काचेचे दोन ग्लास ठेवले. एकात मिठाचं पाणी, दुसऱ्यात साध्या पाण्यात दुधाचे दोन थेंब. मग त्यांनी लेझर लाइट लावला. मिठाच्या पाण्यातून लाल उजेड गेला खरा, पण आत काहीच दिसेना, नुसता पलीकडच्या भिंतीवर ठिपका. दुधाच्या थेंबांच्या पाण्यात मात्र या काठापासून त्या काठापर्यंत लाल रेघ, ताणलेल्या दोऱ्यासारखी. सर म्हणाले, “ह्यातले कण तुम्हाला दिसत नाहीत, पण उजेड त्यांना अडखळतो.” निम्मा वर्ग तेव्हा डबा कधी उघडायचा या विचारात होता. माझी नजर मात्र त्या रेघेवरून हलेना.

त्या वर्षीच्या जत्रेत मी तसला लेझर लाइट घेतला आणि घरभर पिसाळल्यासारखी फिरले. हौदाचं पाणी, ताक, डाळीचं वरचं पाणी, भावाचं खोकल्याचं औषध, काही सोडलं नाही. आई म्हणायची, “जेवायच्या ताटात तरी तो दिवा नको घालूस.” न दिसणाऱ्या गोष्टीला उजेडात पकडता येतं याचं मला वेड लागलं होतं. कोर्सचं नाव मी सरांकडूनच ऐकलं.

आता दुकानाबद्दल. पप्पा वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते, कारण पुढं वाचताना तसं वाटेल. अडल्यानडल्याला मदत करतात, गावच्या सप्त्यात पंगतीला वाढायला उभे राहतात. पण पावसाळ्याच्या तोंडावर युरियाची मागणी वाढली की दुकानात लिंकिंग सुरू होतं. लिंकिंग म्हणजे, तुम्हाला युरियाचं पोतं पाहिजे ना, मग त्याच्याबरोबर ही बाटलीपण घ्यायची. नको म्हणालात तर पोतं संपलंय. पोती मागं गोडाऊनमध्ये छतापर्यंत रचलेली असतात, आणि पुढं काउंटरवर पप्पा चेहरा पाडून सांगत असतात, मालच नाही वरून. विचारलं की म्हणायचे, “आमाला पन वरूनच असं येतंय. ठोकवाला बाटल्यांबिगर पोती देत न्हाई.” वरून म्हणजे नक्की कुठून, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

माझी बारावी झाली त्या वर्षी लिंकिंगला आलेली बाटली नॅनो टॉनिकची होती. हिरवटसर पाणी, आणि झाकण उघडलं की सडलेल्या केळ्यात अत्तर ओतल्यासारखा वास. शेतकरी काही खुळे नाहीत. पोतं रानात नेत आणि बाटली खिडकीत ठेवत. गावात कुणाच्याही घरी जा, खिडकीच्या गजांत दोन-तीन हिरव्या बाटल्या ठरलेल्या. आमच्या शेजारच्या चुलत्यांनी एक बाटली बांधावरच्या तणावर ओतली आणि पप्पांना येऊन सांगितलं, “तन मेलं बी न्हाई आन् वाढलं बी न्हाई. लई गुनी औषध हाय तुमचं.” पप्पासुद्धा हसले.

हसला नाही तो कंपनीचा माणूस. पांढरा शर्ट, इन केलेला, पायांत टोकदार बूट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. पप्पांनी त्याला कौतुकानं माझं यादीतलं नाव दाखवलं. त्याचे डोळे असे चमकले की मला तिथंच किळस आली. मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही तर आमच्याच लाइनच्या निघाल्या.” मी विचारलं, तुमच्या बाटलीतले कण केवढे आहेत, कुठं मोजलेत? त्यानं पप्पांकडं बघून डोळा मारला. “मॅडम, कण इतके बारीक असतात की कुणालाच दिसत नाहीत. मग विचारणार कोण?” आणि मोठ्यानं हसला. पप्पाही हसले. त्या हसण्यात पप्पा सामील झाले हे माझ्या मनात रुतून बसलं.

चार दिवसांनी फ्लेक्स लागला. फोटो मामाच्या लग्नातला, तोंडभर हसणारा. हळदीत कुणीतरी माझ्या नाकाला हळद लावली होती, तेव्हाचा. फ्लेक्सवाल्यानं नाकावरची हळद पुसून टाकली होती आणि हसू तेवढं ठेवलं होतं. मी घरी भांडले, रडले. पप्पा म्हणाले, “अगं, तुजंच कौतुक केलंय ना? कंपनीनं सोताहून लावलाय. आता काढायला गेलो तर त्यांना काय वाटंल?” मला काय वाटलं, हे विचारायची गरज त्यांना पडली नाही.

पण माझाही एक हिशेब आहे, तो लपवून चालणार नाही. दोन दिवस मी तोंड फुगवून बसले आणि तिसऱ्या दिवशी मला फ्लेक्स आवडायला लागला. नेवाशाला जाणाऱ्या एसटीतून लोक बोट दाखवायचे. शाळेतल्या बाईंनी हाक मारून थांबवलं. वर्गात ज्या पोरी माझ्याशी बोलत नसत त्यांनी फोटो काढून स्टेटसला ठेवला. दुपारी पप्पा जेवायला घरी गेले की मी काउंटरवर बसायचे, आणि गिऱ्हाईक एकदा वर फ्लेक्सकडं आणि एकदा माझ्याकडं बघायचं, तेव्हा मान आपोआप ताठ व्हायची. आज त्याची लाज वाटते.

त्यातच एका दुपारी चारीपलीकडच्या काकू आल्या. आमच्याकडं कॅनॉलच्या फाट्याला चारी म्हणतात, तिच्या पलीकडं त्यांचं थोडं रान आहे. नवरा कारखान्यावर कामाला, त्यामुळं रान आणि दोन गाया काकूच बघतात. विहिरीच्या पाण्यावर त्यांनी मुरघासासाठी मका केला होता. मुरघास म्हणजे हिरवा मका कुटून, दाबून, वर्षभर गायांना पुरवायचा चारा. तो मका गुडघ्याएवढा झाला होता आणि त्याला युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा होता. काकूंनी बाटली हातात घेतली, वर फ्लेक्सकडं बघितलं, मग मला विचारलं, “हेच शिकाया चाललीस ना गं बाय? मंग पोत्याच्या जागी ही चालंल का?”

मी मोबाईलमध्ये होते. मैत्रिणीनं माझ्या फ्लेक्सवर काहीतरी लिहिलं होतं, ते वाचत होते. मी वर बघितलं, हसले आणि होकाराची मान हलवली. बस, एवढंच. काकूंनी पोतं न घेता दोन बाटल्या पिशवीत टाकल्या आणि गेल्या. अख्ख्या गावात पोत्याऐवजी बाटली घेणारी ती एकच बाई. बाकीच्यांनी कंपनीवर विश्वास ठेवला नव्हता, म्हणून ते वाचले. काकूंनी माझ्यावर ठेवला होता.

तीन आठवड्यांनी काकू परत आल्या, हातात मुळासकट उपटलेलं मक्याचं ताट घेऊन. खालची पानं पिवळी पडलेली, शेंड्याकडून मधल्या शिरेच्या कडेनं आत आत वाळत गेलेली. नत्र कमी पडलं की मका असाच दिसतो, हे दुकानात वाढलेल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. पप्पांनाही ते एका नजरेत कळलं असणार. ते म्हणाले, “पानी कमी पडलं असंल, वहिनी.”

“विहिरीला पानी हाय, भाऊ. दिसाआड भिजवतीय.”

“मग फवारनी चुकली असंल. सकाळच्या पारी फवारायची असती.”

“दिस उगवायच्या आत फवारली. झाकनं मोजून घेतली.”

“मग बियानंच खराब निघालं बगा यंदा.”

पाणी, फवारणी, बियाणं. पप्पा एकेक नाव घेत गेले, बाटलीचं तेवढं घेतलं नाही. काकू त्यांच्याशी बोलत होत्या, पण बघत होत्या माझ्याकडं. मी औषधांच्या कप्प्यातले डबे उगाच सरळ लावत राहिले. त्या गेल्यावर मक्याचं ताट काउंटरवरच पडून होतं. पप्पांनी ते उचलून बाहेर टाकलं आणि हात झटकले. पप्पांचं बोलणं, त्या केळ्याचा वास, माझं डबे सरळ लावणं, सगळ्याचीच मला किळस आली.

दुपारी मी गोडाऊनचं शटर आतून खाली ओढलं. युरियाच्या पोत्यांच्या आडोशाला चांगला अंधार असतो. एका काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात त्या टॉनिकचं झाकण ओतलं, दुसऱ्यात दुधाचे दोन थेंब टाकले आणि जत्रेतला लेझर लाइट लावला. दुधाच्या ग्लासात रेघ उमटली, अकरावीत उमटली होती तशीच. टॉनिकच्या ग्लासात काही नाही. वास सोडला तर मिठाच्या पाण्यात आणि त्यात फरक नव्हता. मी झाकणाऐवजी अर्धा ग्लास टॉनिक ओतलं. रंग गडद झाला, रेघ नाही. पलीकडच्या पोत्यावर लाल ठिपका मात्र स्वच्छ.

मी पप्पांना हात धरून आत आणलं. दोन्ही ग्लास दाखवले. म्हटलं, “बघा, ह्यात काहीच नाही. रंगीत पाणी आहे.” पप्पा वाकले, दोन्हीकडं नीट बघितलं, बराच वेळ बघितलं. मग सरळ होत म्हणाले, “दिसत न्हाई म्हंजे कन लईच बारीक असत्याल. नॅनोच हाय ना ते?”

सगळ्यांत वाईट म्हणजे मला त्यांना उत्तर देता येईना. दूध ठीक आहे, पण खरोखरच फार बारीक कण असतील तर उजेड इतका कमी अडखळेल की डोळ्याला रेघ दिसणारच नाही, हे मीच पुस्तकात वाचलं होतं. जत्रेतला लेझर आणि दुधाचे दोन थेंब, एवढ्या भांडवलावर मी एका कंपनीला चोर म्हणायला निघाले होते. मनातून खात्री होती, पण पुराव्याशिवाय तर तो टोकदार बुटांचा माणूसही आपली बाटली विकत होता. खोटं समोर ग्लासात भरलेलं असावं आणि आपल्याला ते खोटं म्हणण्याइतकंही ज्ञान नसावं, याच्याइतकी घाणेरडी गोष्ट नाही.

जागा घ्यायला तेव्हा पाच दिवस उरले होते. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी जागा सोडायचं ठरवलं होतं. नगरला साधं बी.एस्सी. करावं, शिक्षिका व्हावं आणि नॅनो हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नये. ज्या शब्दानं काकूंचा मका पिवळा पडला तो शब्द डिग्रीवर मिरवायचा कसा? आई भाकरी थापता थापता म्हणाली, “जायाचं तर जा, न्हाई तर नको जाऊस. पन त्या बाईला आदी तोंड दाखीव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चारी ओलांडून गेले. काकूंच्या रानाला लागूनच दुसऱ्या कुणाचा तरी मका होता, काळाभोर वाटावा इतका हिरवा, माझ्या डोक्यावर गेलेला. त्यानं पोतं टाकलं होतं आणि बाटली खिडकीत ठेवली होती. मधे एक बांध, आणि बांधाच्या अलीकडं काकूंचा मका, कमरेएवढा, हळद फासल्यासारखा. हाताच्या कांकणाला आरसा कशाला पाहिजे? काकू गायांसाठी बांधावरचं गवत कापत होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत.

मी रस्त्यानं पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. काकू, ती बाटली मी बनवलेली नाही. मला तिच्यातलं काही माहीत नाही. मी अजून शिकायला गेलेच नाही, जाणार की नाही हेही ठरलेलं नाही. फ्लेक्स कंपनीनं लावला, मला विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा माझं लक्ष नव्हतं, मी उगाच मान हलवली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. विळा बाजूला ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरंच काहीतरी समजून घ्यायचं होतं.

“मंग त्या फोटूत हसत कशाला हुतीस?”

लग्नातला फोटो आहे, हे मला सांगता आलं असतं. मी वाकून त्यांनी कापलेलं गवत गोळा करायला लागले. मग काकूच म्हणाल्या, “जा घरी. मला वैरन काडायची हाय.”

घरी आले ती थेट दुकानात. शिडी लावली, विळ्यानं फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. पप्पा खालून ओरडत होते, “लोक काय म्हनतील? कंपनीचा मानूस परवा येनार हाय!” फ्लेक्स त्यांच्याच अंगावर पडला. त्याच्याखालून बाहेर येताना त्यांचा चेहरा असा झाला होता की एरवी मला हसू फुटलं असतं. त्यांनी फ्लेक्सची घडी घातली, अगदी नीट, माझा चेहरा आत जाईल अशी. दुपारी युरियाचं एक पोतं मोटारसायकलवर टाकून चारीपलीकडं गेले, बाटलीशिवाय. काकूंनी ते ठेवून घेतलं. मका थोडाफार हिरवा झाला, पण उंच झाला नाही. लिंकिंग मात्र पुढच्या आठवड्यातही चालू होतं, यंदाही चालू आहे. एका पोत्यानं पप्पा बदलतील असं मला वाटलं होतं, तेवढी मी भाबडी होते.

मी जागा घेतली. आवड म्हणून घेतली असं आता म्हणवत नाही. आवड तर त्या गोडाऊनमध्येच मेली होती. किळस होती म्हणून घेतली. पुन्हा कुणी मला ‘दिसत नाही म्हणजे फारच बारीक असेल’ म्हणालं तर त्याच्यापुढं मोजून दाखवता यावं, एवढ्यासाठी. इथल्या प्रयोगशाळेत कण मोजायचं यंत्र आहे. पहिली दोन वर्षं त्याला हात लावू देत नाहीत. होस्टेलच्या माझ्या कपाटात, कपड्यांच्या मागं, एक न उघडलेली हिरवी बाटली आहे. ती वाट बघतेय, मीही बघतेय.

प्रवेशाच्या फॉर्मला पासपोर्ट फोटो लागत होता. पप्पा म्हणाले, फ्लेक्सवाल्याकडं तुझा चांगला फोटो आहेच की, तोच टाक. मी एकटीच नेवाशाला गेले आणि स्टँडजवळच्या स्टुडिओत स्टुलावर बसले. फोटोवाल्यानं माझी हनुवटी वर केली, मान सरळ केली, मागं जाऊन कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, “ताई, जरा हसा की.”

मी म्हटलं, “नको. असाच काढा.”